द्रावण तीव्र केल्याने व्होल्टेज वाढते का?

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी केलेला जस्त-तांब्याचा घट सुमारे १.१ व्होल्ट देतो. पट्ट्या मोठ्या घेऊन दोन्ही द्रावणे दहापट तीव्र केल्यास व्होल्टेजही दहापट होईल का?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तसे होत नाही, आणि त्यात घटाचा काही दोष नाही. व्होल्टेज मुख्यतः धातूंच्या जोडीवर, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडण्याच्या त्यांच्या प्रवृत्तीतील फरकावर ठरते. पट्टी मोठी घेतल्यास घट अधिक प्रवाह देऊ शकतो, व्होल्टेज मात्र तेवढेच राहते. संहतीचा, म्हणजे ठरावीक आकारमानातील आयनांच्या प्रमाणाचा, परिणाम नेर्न्स्ट समीकरणानुसार होतो, पण तो फारच बेताचा असतो : २५ अंश सेल्सिअसला केवळ तांब्याचे द्रावण दहापट तीव्र केले, तर सुमारे ०.०३ व्होल्टची वाढ मिळते, जस्ताचे केले तर तेवढीच घट होते, आणि दोन्ही केल्यास परिणाम जवळजवळ शून्य होतो. अधिक व्होल्टेज हवेच असेल, तर तांब्याऐवजी चांदी व सिल्व्हर नायट्रेट वापरल्यास प्रमाण स्थितीत १.५६ व्होल्ट मिळतात, परंतु हा उपाय महागडा असल्याने दोन घट एकसरीत जोडून २.२ व्होल्ट मिळवणेच शहाणपणाचे ठरते. तांब्याच्या बाजूचे मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) द्रावण विषारी असल्याने ते हाताळताना हातमोजे वापरावेत आणि उरलेले द्रावण मोरीत न ओतता शाळेच्या प्रयोगशाळेत जमा करावे.