आई हयात असताना लिहायची वही

बौद्धिक अक्षमता असलेला माणूस साठीत वारला की भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी दोनच वाक्यं असतात: ‘सुटला बिचारा’ आणि ‘देवाचं लेकरू होतं’. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण साठ वर्षं जगलेल्या पुरुषाला लेकरू म्हटलं, की त्याचे हट्ट, आवडीनिवडी, कार्यशाळेत त्याने केलेलं काम, त्याचे स्वतःचे दोस्त यांची कोणी विचारपूसच करत नाही. हे पुसलं जाणं तो जिवंत असतानाच सुरू झालेलं असतं, आणि त्याचा भुर्दंडही त्यालाच पडतो. त्याच्या आयुष्याची सगळी माहिती बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात असते, त्याच्या आईच्या. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ही माहिती आई हयात असतानाच कागदावर उतरवावी. हे काम आठवणी जपण्यासाठी म्हणून मी सांगत नाही. त्याच्या पुढच्या आयुष्याची तजवीज म्हणून सांगतो.

आधीच्या पिढ्यांना ही गरज फारशी पडली नाही, कारण अशी माणसं फार जगतच नसत. डाऊन सिंड्रोमचंच पाहा. 1940च्या दशकात या मुलांचं सरासरी आयुर्मान बारा वर्षांच्या आसपास होतं. आज जिथे उपचार नीट मिळतात तिथे ते साठीच्या घरात गेलं आहे. प्रतिजैविकं आली, हृदयाच्या शस्त्रक्रिया आल्या, मुलं घरात वाढू लागली. आपली व्यवस्था मात्र बालपणाच्या हिशोबाने उभी राहिली. मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या दीना या मुलीच्या निमित्ताने 1944 साली शाळा काढली, पुण्यात 1964 साली कामायनी सुरू झाली, ठाण्यात महापालिकेची जिद्द शाळा आहे. या शाळांचे उपकार मोठेच. पण शाळा अठराव्या वर्षी संपते, आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं घराच्या भरवशावर निघतात. ‘आमच्या मागे याचं काय?’ या एका प्रश्नापायी पालक एकत्र आले, तेव्हा कुठे डोंबिवलीजवळ खोणीला घरकुलसारखी प्रौढांची निवासी संस्था उभी राहिली. अशा जागा गरजेच्या मानाने फारच थोड्या आहेत.

न लिहिण्याचा पहिला फटका दवाखान्यात बसतो. ज्याला दुखणं सांगता येत नाही तो ते वागण्यातून दाखवतो: जेवण सोडतो, ओरडतो, अंथरूण ओलं करतो. नव्या डॉक्टरला हा सगळा त्याच्या अपंगत्वाचाच भाग वाटण्याची शक्यता असते. खरं कारण दाढेची कीड, बद्धकोष्ठ, कानातला मळ किंवा थायरॉइड असू शकतं. डाऊन सिंड्रोममध्ये आणखी एक गुंता आहे. अल्झायमरशी संबंधित एक जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असतं, आणि या माणसांत त्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची असते. त्यामुळे चाळिशीपर्यंत बहुतेकांच्या मेंदूत त्या आजाराच्या खुणा दिसू लागतात. निदान करताना डॉक्टर विचारणार, ‘आधी याला काय काय जमत होतं?’ आई नसेल तर उत्तर कोण देणार? म्हणून वहीत बारीकसारीक लिहावं. शर्टाची बटणं स्वतः लावतो का. गोळी शिकरणात कुस्करून घेतो की पाण्याबरोबर. पोटात दुखलं की कान धरतो का. ठाण्यातल्या टेंभी नाक्यावरून जांभळी नाक्याच्या बाजारात एकटा जाऊन परत येतो का. नवरात्रात देवीच्या मिरवणुकीचा ढोल-ताशा ऐकून नाचतो की पलंगाखाली शिरतो. चाळिशीच्या आत एकदा हे सगळं तारीख घालून लिहावं आणि दर वाढदिवसाला त्यात भर घालावी. मोबाइलवर पाच मिनिटांचं चित्रण केलं तर उत्तमच.

दुसरा फटका कायद्याचा. मुलगा अठराचा झाला की आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं, ही गोष्ट अनेक सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसते. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक समिती नेमली आहे. तिच्यात जिल्हाधिकारी असतात, आणि कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार तिला आहे. यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं: ‘भाऊ आहे ना, कागद कशाला? कागद केले की नात्यात वितुष्ट येतं.’ मला हे उलटंच वाटतं. कागद नसलेला भाऊ बँकेत अडतो, रुग्णालयात सही करताना अडतो, आणि वर चुलतभाऊ त्याच्यावर जागा लाटल्याचा आळ घ्यायला मोकळे. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशोब सादर करावा लागतो. प्रामाणिक भावाला यापेक्षा मोठं संरक्षण कोणतं? ‘मृत्युपत्र केलंय’ हेही पुरेसं नाही. मृत्युपत्राने घर त्याच्या नावावर होईल, पण ‘याला अमक्याने सांभाळावं’ एवढं लिहून ठेवल्याने तो अमका प्रौढ माणसाचा कायदेशीर पालक होत नाही.

एक आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. आपलं आयुष्य असं वहीत मांडलं जावं का, हे त्या माणसाला कोणी विचारलं? विचारायलाच हवं. 2016चा दिव्यांग हक्क कायदाही पालकाने त्याच्याशी सल्लामसलत करून, मर्यादित बाबींपुरताच निर्णय घ्यावा, असं धरून चालतो. बोलता येत नसेल तर फोटो समोर ठेवावेत, नको त्या फोटोवरून तो हात फिरवतो का ते पाहावं. त्याला कोण आवडतं, कोणाकडे राहायला जायचं नाही, हे त्याच्याच खुणांवरून वहीत यायला हवं. नाही तर ती नुसती सांभाळणाऱ्यांच्या सोयीची यादी होईल. बाकी ‘आमच्या आधी देवाने याला न्यावं’ ही प्रार्थना कोणी केली तर मी तिला नावं ठेवणार नाही, पण तिच्यावर तजवीज सोपवू नये.

टेंभी नाक्यापासून कोर्टनाक्याचं जिल्हाधिकारी कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, जन्माचा दाखला आणि होणाऱ्या पालकाची संमती बरोबर घेऊन आई-वडील दोघेही चालते-फिरते असताना तिथे पालकत्वाची चौकशी करून या. वही मात्र त्याआधी, याच आठवड्यात सुरू करा.