ब्रेकचा लाल दिवा विझत नाही तेव्हा

व्यापारी व कारागीर बंधूंनो, आपल्यापैकी अनेकांचा धंदा जुन्या टेम्पोवर किंवा व्हॅनवर चालतो. अशा गाडीत मीटरपाशी ब्रेकचा लाल दिवा कायम पेटलेला दिसतो आणि चालक म्हणतो, "तो तर नेहमीच लागतो, शेठ." हे उत्तर धोक्याचे आहे. मालेगावहून भिवंडीकडे येणारा भरलेला टेम्पो कसारा घाट उतरतो, तेव्हा चालकाचा जीव, रस्त्यावरील लोकांचे जीव आणि दुसऱ्याचा माल त्या ब्रेकवर सोपविलेला असतो. ही सारी अमानत होय. आम्ही कापडाचे व्यापारी, मिस्त्री नव्हे. परंतु गाडीच्या मालकाला एवढे ज्ञान हवेच, म्हणजे गॅरेजमध्ये नाहक पैसा जात नाही व खरा दोष लपून राहत नाही.

साध्या तेलाच्या ब्रेकच्या गाडीत हा दिवा मुख्यतः तीन कारणांनी लागतो. हातब्रेक ओढलेला असणे, डबीतील ब्रेक ऑईल कमी होणे, आणि स्विच किंवा वायरमधील बिघाड. काही गाड्यांत ब्रेकच्या दोन लाइनींपैकी एकीचा दाब गेला तरीही दिवा लागतो. मोठ्या ट्रकच्या हवेच्या ब्रेकचा इशारा वेगळा असतो, त्याचा विचार येथे केलेला नाही.

तपासणी नेहमी याच क्रमाने करावी.

१) प्रथम पेडल. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना लाकूड लावून पेडल जोराने दाबून धरावे. ते हळूहळू खाली बसत असेल, स्पंजासारखे मऊ लागत असेल किंवा नेहमीपेक्षा खोल जात असेल, तर दोष दिव्यात नाही, ब्रेकमध्ये आहे. गाडी तेथेच थांबवावी व मिस्त्रीला जागेवर बोलवावे. पुढील तपासणी पेडल घट्ट असेल तरच करावयाची आहे.

२) हातब्रेक. लिव्हर पूर्ण खाली सोडून हाताने आणखी दाबून पाहावा. दिवा विझला तर लिव्हरखालचा स्विच सरकला आहे किंवा हातब्रेकची केबल अडकते आहे. केबल अडकत असेल तर मागचे लायनर घासत राहतात व ड्रम तापतो.

३) ऑईलची पातळी. डबीवर कमाल व किमान अशा दोन रेघा असतात. वळणावर किंवा उतारावरच दिवा लुकलुकत असेल, तर पातळी किमान रेघेजवळ आली आहे असे समजावे.

येथेच बहुतेक मालक चूक करतात. ऑईल ओतले, दिवा विझला, काम झाले! पण ब्रेक ऑईल इंजिन ऑईलसारखे जळून कमी होत नाही. ते कमी झाले म्हणजे दोनपैकी एक गोष्ट घडलेली असते. पुढच्या डिस्कचे पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्या मागे तेल जाते आणि पातळी उतरते. असे असेल तर पॅड बदलावेत. पॅड झिजलेले नसतील तर गळती शोधावी. चाकांच्या आतल्या बाजूला, पाइपच्या जोडांवर व मास्टर सिलिंडरच्या मागे ओलावा पाहावा. व्हील सिलिंडर गळून लायनर तेलाने भिजला असेल तर तो पुसून पुन्हा लावू नये, बदलावा. भिजलेल्या लायनरमुळे ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते.

४) स्विच व वायर. पातळी पुरेशी असून दिवा लागत असेल तर चावी चालू ठेवून डबीच्या झाकणावरील किंवा डबीलगतची वायर काढावी. दिवा विझला तर फ्लोट अडकला आहे. न विझल्यास हातब्रेकच्या स्विचची वायर काढून पाहावी. जुन्या साध्या वायरिंगच्या गाडीत दोन्ही काढूनही दिवा चालू राहिला, तर बहुधा एखादी वायर घासून बॉडीला लागलेली असते. तपासणीनंतर वायरी पुन्हा जागेवर बसवाव्यात.

ऑईलविषयी दोन शब्द. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले असते, तेच वापरावे. इंजिन ऑईल चुकूनही ओतू नये. त्याने रबरी कप फुगतात व सर्व ब्रेक निकामी होतात. ब्रेक ऑईल हवेतील पाणी शोषते. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. लांब घाटात ब्रेक तापले की असे तेल उकळते, वाफ होते आणि पेडल पोकळ जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलून हवा काढून घ्यावी. उघडा राहिलेला जुना डबा वापरू नये.

काही जण कंटाळून दिव्याचा बल्बच काढून टाकतात आणि पुढे गाडी तशीच विकतात. धान्याच्या ढिगात हात घालून आतील ओला माल उघड करणारे आणि तो वर ठेवण्यास सांगणारे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आपण अनुयायी आहोत. दोष लपवून केलेला सौदा हलाल रोजी कशी ठरेल? ठिसूळ ताग्याचा दोष जसा गिऱ्हाइकाला सांगतो, तसाच ब्रेकचाही सांगावा. जुनी गाडी घेणाऱ्यानेही एहतियात ठेवावी. चावी चालू करून हातब्रेक ओढावा, दिवा लागला पाहिजे. सोडावा, तो विझला पाहिजे. लागलाच नाही तर सौद्याआधी कारण विचारावे.

उंट आधी बांधावा व मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही आपली शिकवण आहे. ज्या मालकाच्या गाडीत आज हा दिवा पेटलेला आहे, त्याने पुढची खेप भरण्यापूर्वी पेडल दाबून पाहावे.