भीमेच्या खोऱ्यातील पक्षी : डोंगर, जलाशय आणि माळरान

भीमा नदी सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकर येथे उगम पावते व पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतून आग्नेयेस वाहत जाऊन पुढे कृष्णेस मिळते. उगमापाशी वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूरच्या माळावर येईपर्यंत हे प्रमाण जेमतेम त्याच्या पाचव्या हिश्श्यावर येते. पावसाच्या या फरकामुळे एकाच नदीच्या खोऱ्यात सदाहरित अरण्य, विस्तीर्ण जलाशय आणि कुसळी गवताचे उघडे माळ असे तीन निराळे अधिवास आढळतात. प्रत्येकाचे पक्षी निराळे, त्यांचे अन्न निराळे आणि घरटी बांधण्याची रीतही निराळी. तीन दिवसांच्या अभ्यास-सहलीत हा फरक विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येतो. जमीन कशी वापरावी याचा निर्णय ज्यांना घ्यावा लागतो, अशा पंचायत सदस्यांना व अधिकाऱ्यांनाही ही सहल तितकीच उद्‌बोधक ठरेल.

पूर्वतयारी

अशा सहलीस जानेवारी व फेब्रुवारी हे महिने सोयीचे असतात. उत्तरेकडून आलेले स्थलांतरित पक्षी या काळात मुक्कामास असतात आणि जलाशयाची पातळी हळूहळू उतरू लागलेली असते. तुकडी पंधरा जणांहून मोठी नसावी. मातकट वा हिरवट रंगाचे कपडे, दोन-तीन दुर्बिणी, खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरेसे आहे. सूर्योदयानंतरचे दोन तास निरीक्षणास सर्वोत्तम होत. मार्गदर्शकाने पक्ष्याचे नाव प्रथम सांगू नये. आकार, चोच, पाय, उडण्याची तऱ्हा आणि बसण्याची जागा विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावी व मगच नाव सांगावे. स्वतः पाहून ओळखलेला पक्षी मुले सहसा विसरत नाहीत.

डोंगर : भीमाशंकर

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. राज्यप्राणी शेकरू ही त्याची मुख्य ओळख असली तरी पक्षिनिरीक्षकासही येथे पुष्कळ शिकण्यासारखे आहे. दाट रानात पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात, हा येथील पहिला धडा. ‘कुटर्र, कुटर्र’ असा एकसुरी आवाज काढणारा कुटुरगा हिरव्या पानांत सहजासहजी सापडत नाही. ओढ्याकाठच्या खडकांवर वावरणारा शीळकरी कस्तूर पावसाळ्यात पहाटे माणसाने शीळ घालावी तसा गातो. हिवाळ्यात तो मुकाट असला तरी ओहोळाजवळ त्याचे दर्शन घडू शकते.

दुसरा धडा मिश्र थव्यांचा. बराच वेळ रान शांत असते आणि अकस्मात निखार, चष्मेवाला, कोतवाल अशा अनेक जातींचे पक्षी एकाच वेळी झाडांतून सरकत जाताना दिसतात. अनेक डोळे एकत्र असल्याने शत्रू लवकर ध्यानात येतो आणि एकाने उठविलेला किडा दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

तिसरा धडा वाळलेल्या झाडाचा. कुटुरगा वठलेल्या फांदीत भोक कोरून घरटे करतो. सरपणासाठी वठलेले प्रत्येक झाड तोडले गेले तर या पक्ष्यास घरटे उरत नाही. तोच पक्षी उंबर व वड यांची फळे खाऊन त्यांच्या बिया दूरवर पसरवितो. म्हणजे एका जुन्या, निरुपयोगी समजल्या गेलेल्या झाडावर उद्याच्या कित्येक झाडांचे भवितव्य अवलंबून असते. राखलेल्या देवरायांतून असे जुने वृक्ष आजही पाहावयास मिळतात.

जलाशय : उजनीचे पाणलोट

सोलापूर जिल्ह्यात भीमेवर बांधलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी मागे इंदापूर तालुक्यातील भिगवण, डिकसळ, कुंभारगावपर्यंत पसरते. नदीकाठच्या गावांच्या सुपीक जमिनी या पाण्याखाली गेल्या. धरण पक्ष्यांसाठी बांधलेले नव्हते. तथापि उतरत्या पाण्याबरोबर उघडा पडणारा गाळ आणि उथळ पाण्यातील जीवसृष्टी यांमुळे पक्ष्यांना येथे आयतेच अन्न मिळाले.

येथील पक्षी ओळखताना चोच व पाय पाहण्याची सवय लावावी. शेकाट्याचे लांब पाय त्यास उथळ पाण्यात चालू देतात. थापट्या बदक आपल्या रुंद चोचीने पृष्ठभागावरील सूक्ष्म जीव गाळून घेते. चमचा पक्षी चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवून भक्ष्य टिपतो, तर चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात धरून तिला मासळीचा स्पर्श होताच ती मिटतो. एकाच पाण्यात अनेक जाती फारशी स्पर्धा न करता कशा राहतात, या प्रश्नाचे उत्तर मुले येथे स्वतः शोधू शकतात.

सर्वांच्या आकर्षणाचा विषय म्हणजे रोहित अथवा अग्निपंख. हा पक्षी मान खाली वळवून चोच उलटी धरतो आणि चिखलपाण्यातून सूक्ष्म वनस्पती व जीव गाळून खातो. त्याचा गुलाबी रंग याच अन्नातील रंगद्रव्यांमुळे येतो. कुंभारगाव परिसरातील मच्छीमार आता नाव वल्हवीत पाहुण्यांना पक्षी दाखवितात. जलाशयाची खोली आणि थव्यांच्या जागा त्यांना ठाऊक असल्याने सहलीस त्यांच्यासारखा मार्गदर्शक मिळणे कठीण. मात्र छायाचित्रासाठी थवा उडविण्याचा आग्रह पाहुण्यांनी धरू नये. वारंवार उडावे लागल्यास पक्ष्याचा खाण्याचा वेळ आणि साठविलेली शक्ती दोन्ही वाया जातात. पुणे परिसराचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमेतून याच जलाशयात येते, ही गोष्टही विद्यार्थ्यांना पाण्याच्या काठावरच सांगावी.

माळरान : नान्नज

सोलापूर शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर असलेले नान्नज हा सहलीचा शेवटचा टप्पा. प्रथमदर्शनी येथे काहीच नाही असे वाटते. वाळलेले गवत, खडकाळ जमीन आणि तुरळक बाभळी. परंतु अर्धा तास एका जागी शांत बसल्यास माळ हालचाल करू लागतो. डोंबारी नावाचा लहानसा पक्षी हवेत सरळ वर चढतो आणि कोलांटी घेतल्यासारखा खाली झेपावतो. त्याचे नाव यावरूनच पडले असावे. मातीच्या रंगाची धाविक थोडे धावते, थांबते, पुन्हा धावते. मध्य आशियाकडून आलेले भोवत्या जातीचे शिकारी पक्षी गवतावरून तरंगत जातात, टोळ व नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर विसावतात. शेतकऱ्याच्या पिकाचे ते राखणदारच होत. यांपैकी बहुतेकांना झाड नको, पाणी फारसे नको. त्यांना हवे असते ते उघडे गवत.

याच माळाचा मानकरी म्हणजे माळढोक. सुमारे एक मीटर उंचीचा हा पक्षी, नराचे वजन १५ किलोपर्यंत. मादी जमिनीवरच बहुधा एकच अंडे घालते. माळढोकाच्या रक्षणासाठी १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात शेते, गावे, शहरेही आली आणि लोकांच्या व्यवहारात अडचणी निर्माण झाल्या. पुढे ते सुमारे १,२२० चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. दरम्यान माळ मात्र बदलत गेले. कालव्याचे व विहिरींचे पाणी आले, ज्वारीच्या जागी ऊस आला, काही माळांवर झाडे लावली गेली, विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची तार त्यास वेळीच दिसत नाही आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. आज देशात हा पक्षी दीडशेच्या आसपासच उरला असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. तेथे जैसलमेर जिल्ह्यातील सम येथे २०१९ पासून अंडी उबवून पिले वाढविण्याचा प्रयत्न चालू आहे. नान्नज परिसरात मात्र अलीकडच्या वर्षांत एखाद-दुसरा माळढोक दिसणे हीच बातमी ठरते.

ज्या उजनीच्या पाण्याने रोहितास आसरा दिला, त्याच पाण्याने माळाचे शिवार झाले, हे सहलीच्या शेवटी मुलांना समजावून द्यावे. शेतकऱ्याने पाणी नाकारावे असा याचा अर्थ नव्हे; ऊस त्याच्या संसाराचा आधार आहे. परंतु गावाच्या दप्तरात पडीक, गायरान वा पोटखराबा म्हणून नोंदलेली प्रत्येक जमीन रिकामी नसते. ती नांगरण्याचा वा तीवर खड्डे खणून रोपे लावण्याचा ठराव करण्यापूर्वी तेथे काय राहते, हे पाहून घेणे अगत्याचे आहे. वृक्षारोपण हे सत्कार्य खरे. पण माळावरील पक्ष्याच्या दृष्टीने झाडांची दाटी म्हणजे घर गमावणेच होय.

नोंद आणि तिचा उपयोग

प्रत्येक टप्प्यावर दिनांक, वेळ, ठिकाण, पक्ष्याचे नाव, संख्या आणि तो काय करीत होता, या सहा गोष्टी लिहाव्यात. नाव न कळल्यास वर्णन लिहावे. तर्काने नाव लिहू नये. घरट्याजवळ जाऊ नये, अंड्यांची छायाचित्रे घेऊ नयेत.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समिती असून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. सहलीहून परतल्यावर शिक्षकांनी आपल्याच गावच्या शिवारात दर महिन्यास एक फेरी काढावी आणि त्या नोंदी समितीकडे द्याव्यात. राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. अरण्यवाचक मारुती चितमपल्ली आणि पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनांमधील हा आठवडा होय. चितमपल्लींचा जन्म १९३२ मध्ये सोलापुरातच झाला होता. या सप्ताहात पहिली फेरी काढून प्रारंभ करता येईल.

गावच्या माळावर कोणते पक्षी किती होते, हे लिहिलेलेच नसेल तर ते केव्हा नाहीसे झाले हेही कोणास कळत नाही. शाळेतील मुलांची दोन रुपयांच्या पेन्सिलीने केलेली नोंद उद्या ग्रामसभेत एखाद्या माळाच्या बाजूने बोलू शकेल, आणि तेवढ्यासाठी तरी ही सहल काढली पाहिजे.