थांब्यावरचा हिशेब

मुंबईची तांबडी 'बेस्ट' बस तुम्हांला नव्याने सांगायला नको. गोवंडी, कुर्ला, मदनपुरा, भेंडीबाजार अशा वस्त्यांतल्या माणसांचा निम्मा दिवस तिच्याच भरवशावर चालतो. परंतु अर्धा तास उभे राहूनही बस आली नाही तर आपण काय करतो? ड्रायव्हरला नावे ठेवतो, कंडक्टरशी भांडतो आणि शेवटी खिसा चाचपून रिक्षा किंवा टॅक्सी पकडतो. बस का आली नाही, याचे उत्तर त्या दोघांपाशी नसते. ते पैशांच्या हिशेबात असते. आज आपण तो हिशेब समजून घेऊ.

मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, ही कंपनी महानगरपालिकेने आपल्या ताब्यात घेतली. बेस्ट दोन कामे करते. शहर भागात वीज पुरवते आणि बस चालवते. अनेक वर्षे विजेच्या उत्पन्नातून बसचा तोटा भरून निघत असे. मोठा भाऊ कमावतो आणि धाकट्याची फी भरतो, तसाच हा प्रकार होता. पुढे २००३ साली नवा वीज कायदा आला. बसचा तोटा वीजग्राहकांनी का भरावा, असा प्रश्न उभा राहिला आणि काही वर्षांनी हा मार्ग बंद झाला.

मग बस कमी होऊ लागल्या. एके काळी बेस्टकडे चार हजारांहून अधिक बस होत्या. २०२५ पर्यंत ही संख्या तीन हजारांच्या खाली आली, आणि त्यांतही स्वतःच्या मालकीच्या बस काही शेकडेच उरल्या. बाकीच्या कंत्राटदारांच्या. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात अशीच भाड्याची एक बस गर्दीत घुसली आणि अनेकांचे प्राण गेले. तेव्हा चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आला.

बस कमी झाली की प्रवासी कमी होतात. प्रवासी कमी झाले की उत्पन्न घटते. उत्पन्न घटले की 'या मार्गावर प्रवासीच नाहीत' असे म्हणून तो मार्ग बंद होतो. प्रवासी गेले म्हणून बस गेली की बस गेली म्हणून प्रवासी गेले, हे तुम्हीच ठरवा.

याची एक परीक्षा झालेली आहे. ९ जुलै २०१९ रोजी बेस्टने कमीत कमी भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले. त्यासाठी पालिकेने पैसे दिले. काही महिन्यांतच रोजचे प्रवासी काही लाखांनी वाढले. म्हणजे लोक बसला कंटाळले नव्हते. मे २०२५ मध्ये मात्र हेच भाडे दहा रुपये झाले. घरात तीन जण बसने जाणारे असतील तर महिन्याला किती फरक पडतो, तो वहीत मांडून पाहा.

भाड्यातून खर्च निघत नाही, मग पालिकेने कराचा पैसा बसवर का घालावा, असे काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण रस्ता तरी कुठे तिकिटे विकतो? मरीन ड्राइव्ह ते वरळी या किनारी रस्त्यावर पालिकेने तेरा-चौदा हजार कोटी रुपये खर्च केले. त्यावरून प्रामुख्याने मोटारी धावतात. दुचाकी आणि रिक्षा यांना तिथे बंदी आहे. २०२५-२६ च्या पालिकेच्या अर्थसंकल्पाची रक्कम ७४,४२७ कोटी होती. त्यात बेस्टसाठी १,००० कोटी ठेवले होते. शंभर रुपयांत एक रुपया चौतीस पैसे! माझ्या मते हा वाटा फार थोडा आहे.

हेच म्हणणे घेऊन मुंबईत काही नागरिक, कामगार संघटना आणि अभ्यासक 'आमची मुंबई, आमची बेस्ट' या नावाने एकत्र आले. बस ही सेवा आहे, नफ्याचा धंदा नव्हे. स्वतःच्या बस वाढवा. रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका ठेवा, अशा त्यांच्या मागण्या. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचे कामगार नऊ दिवस संपावर होते. बेस्टचा अर्थसंकल्प पालिकेच्या अर्थसंकल्पात मिळवावा, ही त्यांचीही एक मागणी होती. लोकांचे हाल झाले, हे खरे. पण पगाराबरोबर अर्थसंकल्पही मागणारे कामगार रोज दिसत नाहीत.

आता तुम्ही काय करू शकता? वही आणि पेन घेऊन आठवडाभर आपल्या थांब्यावर सकाळी एक तास उभे राहा. किती बस आल्या, किती वाजता आल्या आणि किती माणसे चढू न शकल्याने मागे राहिली, ते लिहा. मग मराठीत अर्ज लिहा. 'अर्ज' हा शब्द तुमच्या घरचाच आहे, त्याला घाबरू नका. अर्ज 'मा. आगार व्यवस्थापक' यांच्या नावे लिहायचा. आगार म्हणजे आपला डेपो. दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर शिक्का व तारीख घ्या. याला 'पोच' म्हणतात. पोच नसेल तर अर्ज दिला की नाही, यावरच वाद होतो.

घरातल्या मोठ्यांना आणखी एक गोष्ट सांगा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपये भरून आपल्या मार्गावर रोज किती फेऱ्या ठरल्या आणि किती झाल्या, हे विचारता येते. उत्तर साधारणपणे तीस दिवसांत द्यावे लागते.

अर्जात 'आमचे फार हाल होतात' एवढेच लिहू नका. 'सोमवारी सकाळी ७ ते ८ या वेळेत दोनच बस आल्या आणि एकतीस प्रवासी मागे राहिले' असे लिहा. त्याखाली त्या एकतीस जणांतल्या जितक्यांच्या मिळतील तितक्या सह्या घ्या. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचा अंगठाही चालतो.