भांडणाची साथ

वारकरी मंडळींना पटकीची ओळख करून द्यायला नको. पंढरीला जाताना टोचून घ्यावे लागे, त्या गोष्टी जुन्या घरांतून ऐकलेल्या आहेत. पटकी हटली ती रोग्याला शिक्षा करून नव्हे. पाणी शुद्ध झाले, पहिला रोगी दिसताच धावपळ झाली, म्हणून हटली. मग मारामारीलाही हाच न्याय लागेल काय?

लागेल, असे आता वैद्यकशास्त्र म्हणते. १९९६ साली जागतिक आरोग्य सभेने हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरविला. डॉ. गॅरी स्लटकिन सोमालियातल्या निर्वासितांत क्षय नि पटकीशी झुंजले होते. शिकागोला परतल्यावर त्यांना दिसले की गोळीबारही असाच एकातून दुसरा पसरतो. २००० साली त्यांनी वस्तीतलीच, लोकांच्या विश्वासातली माणसे कामाला लावली. सूड उगवायला कोणी निघण्याआधी त्याच्याकडे जायचे आणि राग उतरेपर्यंत उठायचे नाही!

आता आपल्या पंचवटीत या. चैत्र शुद्ध एकादशीला काळारामाचा रथ निघतो. १९३० साली २ मार्चपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह चालू होता. रथ दोन्ही पक्षांनी मिळून ओढावा, अशी तडजोड झाली. ९ एप्रिलला ती मोडली. सत्याग्रहींवर दगड पडले. तडजोड होती, पोलीस होते, तरी दगड का थांबले नाहीत? दार बंदच होते ना! विहीर तशीच गढूळ ठेवायची आणि औषधाची पुडी वाटायची, त्यातलाच हा प्रकार.

१५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे भांडण गावच्या समितीने गावातच मिटवायचे. योजना चांगली. मात्र मार खाऊन आलेल्या बाईला समजूत घालून परत धाडणे, याला मिटवणे म्हणू नये. ती साथ घरात कोंडणे झाले. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे. तिथवर तिच्या सोबत कोणीतरी जावे.

आणि ही रीत आपल्याला अगदीच नवी आहे, असेही नाही. माउलींच्या पालखीत मुक्कामी समाजआरतीला चोपदार दंड उंचावतात, सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, काय झाले ते ऐकून घेतात. आरती त्यानंतर.