काटा आणि कोट

तराजू खोटे बोलत नाही, अशी आपली समजूत असते. आणि ती खरीच आहे. परंतु तराजू किती बोलतो व किती सांगायचे ठेवतो, हे उमगण्यास मला वयाची साठी गाठावी लागली. त्याचीच ही हकीकत.

२००६ साली मी मुख्याध्यापक झालो, तेव्हा एक राखी रंगाचा लोकरी कोट शिवून घेतला होता. त्या वेळी माझे वजन ७० किलोग्रॅम होते. पुढे दरवर्षी शाळेत मुलांची आरोग्यतपासणी होई, तेव्हा मीही सहज काट्यावर उभा राही. काटा सत्तरच्या आसपासच थांबे. "दहा वर्षांत आमच्यात गुंजभरही फरक पडला नाही!" असे मी सहकाऱ्यांना मोठ्या अभिमानाने सांगत असे.

२०१६ साली मी सेवानिवृत्त झालो. निरोपसमारंभासाठी तो कोट पेटीतून काढला, तो त्याची बटणे काही केल्या लागेनात. लोकर आटली असावी, असे ठरवून मी आमच्या आळीतील वृद्ध शिंप्याकडे गेलो. त्यांनी फीत लावून कोट मोजला, मग माझी कंबर मोजली आणि हसून म्हणाले, "गुरुजी, कोट होता तेवढाच आहे. कंबर मात्र अडीच इंच वाढली आहे."

"परंतु माझे वजन तर तितकेच आहे!" मी म्हणालो.

"असेल गुरुजी. मी वजनावर कपडे बेतीत नाही, मापावर बेततो," ते म्हणाले. मला त्यांचे बोलणे मुळीच पटले नाही. समारंभात मी कोट उघडाच ठेवून भाषण केले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गावाबाहेरच्या टेकडीवरील देवळात जाताना मला तीन ठिकाणी बसावे लागले. पूर्वी हीच टेकडी मी मुलांच्या सहलीबरोबर गप्पा मारीत चढत असे. मनाला चुटपुट लागली. माझे एक जुने विद्यार्थी आता गावात डॉक्टर आहेत. त्यांनी तपासून सांगितले, "सर, रोज चाला. झेपतील तेवढ्या बैठका आणि सूर्यनमस्कार घाला. तळलेले आणि गोड कमी करा. पण जेवण सोडू नका. डाळ, उसळ, दूध पोटात जाऊ द्या."

मी नेमाने सुरुवात केली. पहिल्या दिवशी पाच बैठकांतच पाय थरथरू लागले. हळूहळू पाचाच्या दहा झाल्या, दहाच्या तीस झाल्या. दर रविवारी मी काट्यावर उभा राही आणि वहीत आकडा टिपून ठेवी. सत्तर, सत्तर, साडेएकोणसत्तर, पुन्हा सत्तर! आठ महिने गेले. वहीची पाने भरली. आकडा मात्र जागचा हलेना. माझा धीर सुटला. 'एवढे कष्ट करूनही जर फळ नाही, तर उद्यापासून हे सर्व बंद,' असा निश्चय करून मी वही मिटली.

त्याच सायंकाळी माझा नातू धावत आला. तो त्या वेळी सहावीत होता. शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटकात त्याच्या मित्राला म्हाताऱ्या वकिलाचे काम करायचे होते, म्हणून त्यांना कोट हवा होता. मी पेटीतून तो राखी कोट काढला. "आजोबा, आधी तुम्ही घालून दाखवा ना," त्याने हट्ट धरला. मी कोट चढवला आणि सवयीने हात बटणांकडे नेला. पहिले बटण लागले. दुसरे लागले. तिसरेही लागले! मी आरशापुढे पाहतच राहिलो.

नातवाने मिटलेली वही उघडून पाहिली आणि विचारले, "आजोबा, वजन तितकेच आहे, तर मग पोट गेले कोठे?"

मराठीत एम. ए. झालेल्या त्याच्या आजोबांपाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी तीस वर्षे विज्ञान शिकवले होते. प्रश्न ऐकून त्यांनी स्वयंपाकघरातून एक किलो तांदूळ आणि एक किलो चुरमुरे मागवले. तांदूळ एका लहानशा डब्यात सहज मावले. चुरमुऱ्यांनी मात्र मोठा डबा शिगोशीग भरला आणि वर पिशवीत उरलेच.

"वजन सारखे, पण जागा निराळी," ते नातवाला म्हणाले. "आपल्या शरीरातही असेच आहे. मेद म्हणजे चरबी ही हलकी व फुगीर असते. स्नायू भरीव असतात. एक किलोग्रॅम मेद सुमारे १,१०० घन सेंटिमीटर जागा व्यापतो, तर एक किलोग्रॅम स्नायू सुमारे ९४० घन सेंटिमीटर. तांदूळ-चुरमुऱ्यांइतका हा फरक मोठा नाही. पण समज, आजोबांचा तीन किलो मेद गेला आणि तीन किलो स्नायू आले, तर काटा हलणार नाही, आणि शरीर मात्र जवळजवळ अर्ध्या लिटराने लहान होईल."

"म्हणजे चरबीचेच स्नायू झाले का?" नातवाने विचारले.

"नाही, बाळ. दुधाचे दही होते, तसे चरबीचे स्नायू होत नाहीत. ती दोन निराळी द्रव्ये आहेत. मेद शरीराने इंधनासारखा वापरला. स्नायू व्यायामाने आणि अन्नाने घडले. स्नायूंचा सुमारे तीनचतुर्थांश भाग पाणीच असतो, त्यामुळे स्नायू वाढले की शरीरातील पाणीही वाढते. आणखी एक गोष्ट ध्यानात घे. मेद साठला होता तो मुख्यतः पोटावर. स्नायू भरले ते मांड्यांत, पाठीत, खांद्यांत, सगळीकडे वाटून. म्हणून कोटाची बटणे लागली."

मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "अहो, आणि त्या आधीच्या दहा वर्षांत याच्या उलट घडत होते. वय वाढले, व्यायाम नाही. स्नायू झिजत होते आणि त्यांच्या जागी मेद साठत होता. काटा तेव्हाही सत्तरच दाखवीत होता."

मुलांनो, त्यांच्या या शब्दांनी माझे डोळे उघडले. शरीर ढासळत होते, तेव्हा काट्याकडे पाहून मी निर्धास्त राहिलो. आणि शरीर सुधारत होते, तेव्हा त्याच काट्याकडे पाहून मी निराश झालो. काट्याने मात्र दोन्ही वेळा खरेच सांगितले होते. त्याने बेरीज सांगितली; बेरजेच्या पोटात काय आहे, हे त्याला मी विचारलेच नव्हते.

हा प्रश्न फार जुना आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरात आर्किमिडीज नावाचा थोर गणिती होऊन गेला. तेथील राजा हायरो याने सोनाराला सोने तोलून दिले व मुकुट करवून घेतला, अशी कथा आहे. मुकुटाचे वजन दिलेल्या सोन्याइतकेच भरले. तरी सोनाराने त्यात चांदी मिसळली असावी, असा राजाला संशय आला. तराजू येथे निरुपयोगी होता. तेव्हा आर्किमिडीजने मुकुट आणि तितक्याच वजनाचे शुद्ध सोने पाण्यात बुडवून पाहिले. चांदी सोन्याहून हलकी, म्हणून तितक्याच वजनाला अधिक जागा व्यापणारी. मुकुटाने अधिक पाणी सांडले आणि लबाडी उघडकीस आली.

तीच युक्ती पुढे माणसाच्या शरीराला लावण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत उंचीच्या मानाने ज्यांचे वजन जास्त, त्यांना सैन्यासाठी अपात्र ठरवीत असत. नौदलातील डॉक्टर आल्बर्ट बेन्के व त्यांचे सहकारी यांनी त्या देशातील फुटबॉल खेळणाऱ्या २५ व्यावसायिक खेळाडूंची पाण्यात बुडवून वजने घेतली आणि १९४२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोष्टकातील आकड्यांप्रमाणे या २५ पैकी १७ जण फाजील वजनाचे, म्हणून सैन्याला निरुपयोगी ठरत होते! पाण्याने मात्र निराळी साक्ष दिली. त्यांपैकी बहुतेकांच्या अंगी मेद थोडाच होता; वजन होते ते भरीव स्नायूंचे. केवळ काट्यावर विसंबून धडधाकट माणसे नालायक ठरली असती.

त्या रात्री मला झोप लागेना. मला माझा एक विद्यार्थी आठवला. सहामाही परीक्षेत आणि वार्षिक परीक्षेत त्याच्या गुणांची बेरीज एकच आली होती. प्रगतिपुस्तकावर मी शेरा लिहिला, 'प्रगती नाही.' तो मुलगा काही बोलला नाही. पुस्तक घेऊन मान खाली घालून निघून गेला. पुष्कळ दिवसांनी मी ती पाने पुन्हा पाहिली, तेव्हा ध्यानात आले, की सहामाहीत गणितात नापास झालेला तो मुलगा वार्षिक परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला होता. त्या कष्टांत इतर विषयांचे थोडे थोडे गुण गेले, म्हणून बेरीज हलली नाही, इतकेच. तोवर त्याने शाळा सोडली होती. माझा शेरा खोडण्याची संधी मला मिळाली नाही.

मुलांनो, तुमची शरीरे वाढत आहेत. उंची वाढेल, हाडे बळकट होतील, तसे तुमचे वजनही वाढेल, आणि ते वाढलेच पाहिजे. काट्याच्या भीतीने ताटावरून उठू नका. वर्गातील कोणी जाड असेल, कोणी किडकिडीत असेल. त्याला नावे ठेवू नका. त्याच्या अंगात काय घडत आहे, हे काट्याला दिसत नाही, मग तुम्हांला कसे दिसेल? टेकडी किती दमात चढता, किती वेळ खेळू शकता, सकाळी किती उत्साहाने उठता, हेही पाहत जा.

मी व्यायाम सोडला नाही. रविवारची वही अजून आहे. तीत आता वजनाशेजारी कमरेचे माप असते, आणि टेकडी चढताना किती वेळा बसलो, तोही आकडा असतो. गेल्या रविवारी त्या रकान्यात मी शून्य लिहिले.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) निरोपसमारंभात लेखकाने कोट उघडा का ठेवला?
(आ) शिंपी कपडे कशावर बेतीत असे?
(इ) आर्किमिडीज कोणत्या नगरात राहत होता?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) वजन तेच असूनही लेखकाच्या कोटाची बटणे का लागली?
(आ) '२५ पैकी १७ जण' या उदाहरणावरून लेखकाला काय सांगावयाचे आहे?
(इ) लेखकाला आपल्या विद्यार्थ्याची आठवण का झाली?

३. 'काट्याने मात्र दोन्ही वेळा खरेच सांगितले होते.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
चुटपुट लागणे, धीर सुटणे, शिगोशीग भरणे, नावे ठेवणे, विसंबून राहणे.

५. करून पाहा : घरात सारख्या वजनाचे पोहे आणि गहू घेऊन एकाच मापाने मोजा. कोणता पदार्थ किती मापे भरला, ते वहीत लिहा.