मोबाईल जोडतो, पण बोलायला आपणच शिकवायचं



'तंत्रज्ञानामुळे जग जवळ आले' हे वाक्य आपण मुलांकडून निबंधात नेहमी लिहून घेतो. पण जवळ आलेली माणसं एकमेकांशी बोलतात काय आणि कसं, हेही वर्गात शिकवायला हवं.

साधन बदललं की बोलणं बदलतं

तारेला शब्दांप्रमाणे पैसे पडायचे, म्हणून मजकूर तुटक असायचा. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. एका एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं मावायची, देवनागरीची मात्र ७०च. शिवाय साध्या फोनवर मराठी टाइप करणं अवघड. म्हणून अनेकांना मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहायची सवय लागली. व्हॉट्सअॅपवर आवाज, फोटो, व्हिडिओ सगळंच जातं. पण २०१४ मध्ये निळ्या खुणा आल्या आणि 'वाचलं, तरी उत्तर नाही!' हा नवा रुसवाही आला.

आवाज पोहोचतो, पण पुढे?

दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. अनेक मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. ज्या आईला लिहिता-वाचता येत नाही, तिलाही आता व्हॉइस मेसेज पाठवता येतो. चिठ्ठी लिहून घ्यायला कुणाकडे जावं लागत नाही. ही फार मोठी सोय आहे. पण फोनवर बोलणं काय होतं?

"जेवलास का?" "हो."
"शाळेत जातोस ना?" "हो."

संपलं! मुलाला माया नसते असं नाही, त्याला सुचत नाही.

वर्गात करून पाहा

१. फोनआधी तीन गोष्टी: आज काय घडलं, काय आवडलं किंवा बोचलं आणि आई-बाबांना विचारायचा एक प्रश्न. दुसरीतलं मूल दोन-दोन शब्दांत टिपून ठेवू शकतं.

२. एक विषय, तीन रूपं: 'तापामुळे दोन दिवस शाळेत येता येणार नाही.' हेच मित्राला मेसेजमध्ये, आजीला पत्रात आणि वर्गशिक्षकांना अर्जात लिहायला सांगा. काय बदललं, ते मुलांनीच शोधायचं.

३. 'ठीक आहे' हे आनंदाने, रागाने आणि कंटाळून म्हणायला लावा. मग फळ्यावर लिहा. लिहिल्यावर तिन्ही सारखीच! मेसेजमधून गैरसमज का होतात आणि इमोजी का लागते, हे मुलांना लगेच कळतं.

पालकांसाठी

'हो-नाही'त संपणारा प्रश्न टाळा. "आज मधल्या सुट्टीत कुणाबरोबर खेळलास?" असं विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.

कारखान्याचा पट्टा पडून आई-बाबा परत येईपर्यंत चार-पाच महिने जातात. तेवढ्यात मुलाचा दात पडतो, नवा मित्र होतो, बेरीज जमायला लागते. हे सगळं त्यांच्यापर्यंत जायचं, तर नुसती रेंज असून भागत नाही. मुलाला सांगताही यायला हवं आणि ते शिकवणं आपल्या हातात आहे.